जोत्याचा भराव थराथरानेच दाबा

जोत्यात एकदम दोन फूट मुरूम ओतायचा, वरून पाणी सोडायचं आणि शेवटी प्लेट कॉम्पॅक्टर (कंपणाऱ्या लोखंडी पाट्याने भराव दाबणारं मशीन) भाड्याने आणून फिरवायचा, ही छोट्या बंगल्यांच्या साइटवरची सर्रास पद्धत. मशीन फिरलं की मालक निश्चिंत. पण ८०-९० किलोच्या प्लेटचा जोर मुरमात अर्ध्या फुटाखाली फारसा पोचत नाही. वरचे सहा इंच घट्ट होतात, खालचा दीड फूट पोकळच राहतो. मग पावसाळ्यात फरशी खचते आणि स्कर्टिंगखाली फट दिसायला लागते.

म्हणून मशीन पहिल्या थरापासून साइटवर हवं. सैल मुरूम ८ इंच अंथरा, तो दबून साधारण ६ इंच होतो. १० × १२ फुटांच्या खोलीत दोन फूट भराव म्हणजे दाबलेला २.४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). त्यासाठी सैल मुरूम सव्वातीन ब्रास धरा आणि चार थर करा. जोत्याच्या भिंतीवर आतून दर ६ इंचांवर खडूने रेघा मारून ठेवा. नुसत्या नजरेने थर हमखास जाड होतो.

खरी मेख पाण्यात आहे. कोरड्या मुरमाचे कण एकमेकांत अडकून बसतात, सरकत नाहीत. पाणी जास्त झालं तर पोकळ्या पाण्याने भरतात आणि पाणी काही दबत नाही. प्लेटखाली जमीन जेलीसारखी थरथरते. मूठभर मुरूम घट्ट आवळा. गोळा झाला आणि बोटाने दाबल्यावर दोन-तीन तुकडे झाले, तर ओल बरोबर. गोळाच झाला नाही तर झारीने पाणी मारा, फावड्याने खालीवर करा आणि थोडं मुरू द्या. तळवा चिखलाने माखला तर थर उकरून वाळवा. अशा वेळी मशीन फिरवत राहणं म्हणजे पेट्रोल जाळणं.

प्लेट कडेकडेने सुरू करून आत या. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर तिसरा हिस्सा चढवा आणि तीन-चार फेऱ्या मारा. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण ठेवा. अर्ध्यावर चालवलं की क्लच घसरून जळतो आणि कंपनंही कमी पडतात. इंजिन जोरात पण प्लेट मरगळलेली, असं दिसलं तर आधी व्ही-बेल्टचा ताण बघा. थर बसला की प्लेट उसळायला लागते, आवाज टणक होतो, तिथेच थांबा. त्यापुढे मुरमाचे खडे फुटून वरची माती सुटी होते. कोपऱ्यात आणि पाइपांच्या जोडाशी प्लेट पोचत नाही, तिथे हाताचं धुम्मस लागतंच.

पायाच्या अरुंद चरात किंवा चिकण मातीत मात्र रॅमर, म्हणजे उड्या मारत ठोकणारं मशीन. चिकण मातीला कंपनांनी फारसा फरक पडत नाही, तिला ठोकाच हवा. रॅमर काँक्रीटवर किंवा उघड्या खडकावर चालवू नका. त्याचा बूट (खालचा ठोकणारा तळ) फुटतो, स्प्रिंगला मार बसतो. चर दोन्ही बाजूंनी सारखा भरत या. एकाच बाजूने ठोकलं तर ओलं बांधकाम ढकललं जातं. पीव्हीसी पाइपावर फूटभर भराव हाताने दाबून झाल्याशिवाय मशीन नको.

पायातून निघालेली काळी माती जोत्यात परत टाकण्याचा मोह टाळाच. कितीही ठोकली तरी ती पावसाळ्यात फुगणार आणि उन्हाळ्यात भेगाळणार. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा.

तपासणीसाठी १० मिमीची सळई प्रत्येक थरात हाताने दाबून बघा; सहज आत गेली तर तो भाग पुन्हा करा. हा फक्त अंदाज. मोठं काम असेल तर वाळू वापरून घनतेची चाचणी करून घ्या (भारतीय मानक आयएस २७२०, भाग २८). खडेवाल्या मुरमात कोअर कटर (घनता मोजायला मातीचा नमुना कापून काढणारी नळी) नीट बसत नाही.

स्लॅब झाल्यावर आत भराव करत असाल तर दारं-खिडक्यांची भोकं उघडी ठेवा. पेट्रोल इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. चालवणाऱ्या माणसाला कानाला प्लग आणि पायात सेफ्टी बूट द्या, आणि दर अर्ध्या तासाने माणूस बदला.