तीनशे अकरानं भागून बघा

२,१४,७४,८३,६४७. ही संख्या माझ्या शिकवणीत आली ती एका पोराच्या मोबाईलमधून. गेममधली नाणी इथवर आली आणि पुढं सरकेनात. "सर, मी गेम संपवलोय," म्हणाला.

गेम संपला नव्हता, जागा संपली होती. दोनाचा एकतिसावा घात वजा एक म्हणजे ही संख्या. संगणकात संख्येला मिळणाऱ्या बत्तीस बिटांतला, म्हणजे शून्य-एकच्या खणांतला, एक अधिक-उण्यासाठी गेला की उरलेल्यांत याहून मोठं काही मावत नाही. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणाऱ्या जुन्या प्रणालीही आपल्या वेळेनं १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी इथंच येऊन अडतील. पण ते संगणकवाल्यांनी बघावं. मला या संख्येचं कौतुक आहे ते ती मूळ संख्या आहे म्हणून.

दोनाचा घात मूळ घेऊन एक वजा केला की उत्तर मूळच येतं, असं पोरांना वाटतं. मग मी फळ्यावर अकरावा घात घेऊन एक वजा करतो: २०४७. हे २३ गुणिले ८९. आता दोन्हींतून एक वजा करा, २२ आणि ८८. दोन्हींना २२ नं, म्हणजे अकराच्या दुपटीनं, भाग जातो, आणि हा योगायोग नाही. आपल्या एकतिसाव्या घातवाल्या संख्येचा मूळ विभाजक निघालाच, तर त्यातून एक वजा केल्यावर ६२ नं, एकतीसच्या दुपटीनं, भाग जायलाच हवा. शिवाय त्या विभाजकाला ८ नं भागलं की बाकी १ किंवा ७. दोन्ही अटी जोडल्या की २४८ नं भागून १ किंवा ६३ उरणारेच उमेदवार राहतात. वर्गमूळ ४६,३४० च्या पुढं बघायचं कारण नाही, म्हणजे सगळे मिळून पावणेचारशेच्या आत. १७७२ मध्ये ऑयलर या गणितज्ञानं ही संख्या मूळ असल्याचं कळवलं, तेव्हा त्याला जवळजवळ दिसत नव्हतं.

(बार्लो नावाच्या इंग्रजानं १८११ मध्ये लिहिलं, की हिच्यापासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येहून (स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज स्वतःएवढीच असलेली संख्या, जशी ६ = १ + २ + ३) मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडायची नाही, कारण उपयोग नसताना शोधणार कोण! १८७६ मध्ये ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानं दोनाचा १२७ वा घात वजा एक मूळ ठरवला, ३९ अंकी.)

खानापुरात जुलैत लाईट गेली की लवकर येत नाही. त्या संध्याकाळी इमर्जन्सी लॅम्पवर आम्ही हाताने भागाकार केले. ६३ आणि २४९ तिनानंच गेले. पहिला खरा उमेदवार ३११. मागच्या बाकावरच्या पोरीनं भाग काढला ६९,०५,०९२, बाकी ३५. पुढं ४९७ म्हणजे सात एकाहत्तर, ५५९ म्हणजे तेरा त्रेचाळीस. १२४१ नं सगळ्यांना फसवलं, ते सतरा गुणिले त्र्याहत्तर निघालं. थेट १३०३ पर्यंत एकही मूळ नाही. तिथं बाकी २२६.

"सर, कॅल्क्युलेटर घेऊ की," गेमवाला म्हणाला.

"घे. १४८९ तुझा."