११०१ रुपये २४ पैसे
ऐरोलीला उतरलो तेव्हाच फोनवर सात मिस्ड कॉल. ताळमेळात एक पैसा कमी. मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती मशीनवर, ११०१.२४, आमच्या जावाच्या बाजूला ११०१.२३. एरर क्यू, म्हणजे नाकारलेल्या मेसेजची रांग, तुडुंब भरलेली, पण तिच्याकडे कुणी बघेना. क्लायंटच्या मेलमध्ये पैसा होता, म्हणून सगळे पैशामागे. जावावाल्या पोरांनी राउंडिंगवर खापर फोडून दुपार केली. मेनफ्रेमच्या सरांचं ठरलेलं उत्तर: "अरे, आमच्याकडून बरोबरच गेलंय."

जेवण सोडून मेसेजचा हेक्स डंप काढला, म्हणजे त्याचे बाइट सोळाच्या अंकपद्धतीत. तिकडून निघालेली रक्कम: ०१ १० १२ ४सी. हे कॉम्प-३, कोबॉलची आकडे दाबून ठेवायची पद्धत: एका बाइटमध्ये दोन आकडे, शेवटच्या अर्ध्यात चिन्ह. सी म्हणजे अधिक. आमच्याकडे पोचलं ०१ १० १२ ३सी. एब्सिडिकमध्ये, मेनफ्रेमच्या अक्षरांच्या कोडात, ४सी म्हणजे '<', आणि आमच्याकडच्या आस्की कोडात '<' बसतो ३सीवर. मेसेज पोचवणाऱ्या एमक्यूनं इमानेइतबारे अक्षर समजून बदलून दिलं होतं! पहिले तीन बाइट दोन्हीकडे कंट्रोल कॅरेक्टर, म्हणजे न छापली जाणारी चिन्हं, ते जसेच्या तसे राहतात. चिन्हही शाबूत. चाराचे तीन झाले आणि कुठे हूं की चूं नाही. शेवटी सहा असते तर ६सीचं २५ झालं असतं, चिन्हाच्या जागी पाच बघून प्रोग्रामनं मेसेज फेकून दिला असता. एरर क्यूत पडले होते ते असलेच.

शुक्रवारच्या रिलीजमध्ये कॉपीबुकातली, म्हणजे रेकॉर्डच्या आराखड्यातली, रक्कम डिस्प्लेची (एका बाइटला एक आकडा) कॉम्प-३ केली होती. सात बाइटचे चार! मेसेजचा फॉर्मॅट मात्र 'एमक्यूएसटीआर'च ठेवला, म्हणजे आत सगळा मजकूरच आहे असं लेबल. सरांचे बाइट खरोखर बरोबर होते, चुकलं होतं पाकिटावरचं लेबल. आणि ते सरांनीच लावलेलं.

टेस्टिंगमध्ये कसं सुटलं? टेस्ट डेटा १०० रुपये आणि १००० रुपये. शंभर म्हणजे ०० १० ०० ०सी. यातला एकही बाइट बदलत नाही. गोल रकमांवर टेस्ट करणाऱ्यांना एकदा ठाण्याच्या बाजारात हिशेबाला बसवायला हवं.

चारला रोलबॅक झाला, जुनं व्हर्जन परत आलं, सगळे चहाला गेले. मी ठाणे लोकलमध्ये दारात उभा राहून एब्सिडिकच्या कोडपेज ३७चा तक्ता चाळत होतो. ५सी म्हणजे '*', आस्कीत २ए. आणि चिन्हाच्या जागी ए असला तरी तो अधिकच धरला जातो. म्हणजे पाचाचे दोन, तेही गुपचूप. हा ताळमेळ फक्त हजारावरच्या रकमांचा.

दिघा गाव यायच्या आत सरांना फोन लावला. "सर, पाचाने संपणाऱ्या रकमाही काढाव्या लागतील. शुक्रवारपासूनच्या."

तिकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग, "छोट्या रकमांसकट?"