आठ काप, चार कोपरे

शनिवार, रात्री

फ्रेमला पट्ट्या चार लागतात, पण काप आठ. प्रत्येक काप ४५ अंशांऐवजी ४४.५ वर पडला तर एकेक कोपरा ८९ चा होतो, आणि तीन कोपरे दाबून घट्ट बसवले की सगळी चूक चौथ्यात गोळा होऊन बाहेर येते. ४ अंश. आजची पट्टी ४० मिमी रुंद होती. तिचा तिरपा काप साधारण ५६ मिमीचा, म्हणजे फटीच्या उघड्या टोकाला जवळजवळ ४ मिमी. सूतभराहून, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाहून, जास्त. एवढ्या फटीत फेविकॉल नि भुसा कोंबून वर पॉलिश मारणारे लोक आहेत. वहिनीच्या आईवडिलांच्या फोटोला मला तसलं काही करायचं नव्हतं.

म्हणून सकाळचा बराच वेळ एकही पट्टी न कापता गेला. खरं सांगायचं तर मला तोच वेळ सगळ्यात आवडतो.

पावसाने उघडीप दिली तसं मशीन पुढच्या पडवीत काढलं. नेरूळची आमची ही सिडकोची रो-हाऊसं एकमेकांना खेटून उभी, त्यामुळे दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, आणि रविवारी तर विषयच नाही. जे काय करायचं ते आजच. मशीन १० इंची, स्लायडिंग कंपाउंड मायटर सॉ, म्हणजे तिरपे काप घेणारी विजेची करवत. खालचं टेबल डावी-उजवीकडे फिरतं तो मायटर, वरचं डोकं बाजूला कलतं तो बेव्हल, दोन्ही एकदम लावले की कंपाउंड. फ्रेमचं काम नुसत्या मायटरवर भागतं. टेबलाला ठरावीक अंशांवर खाचा असतात. ४५ वर आणलं की खट्‌कन बसतं आणि माणूस निर्धास्त होतो. शेजारचे काका नेमके त्याच क्षणी खाकरतात.

काका ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. बिडाचं ओतीव काम थंड होताना मीटरमागे साधारण १० मिमी आक्रसतं, म्हणून त्याचा लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घडवतात तो नमुना, तेवढाच मोठा करावा लागतो. त्यासाठी पॅटर्नमेकरची मोजपट्टीच मुळात वाढीव आखलेली असते. सगळी नोकरी मुद्दाम लांब केलेल्या पट्टीवर काढलेला माणूस मशीनवर छापलेल्या आकड्याला काय भीक घालणार?

"अगं, खाच म्हणते ४५. गुण्या काय म्हणतो ते बघ."

"खोलीतून बाहेर ओढताना हललं असेल, असं वाटतंय का तुम्हाला?"

"मला काही वाटत नाही. बघ म्हटलं."

तर आधी प्लग काढला. नुसतं बटण बंद ठेवून भागत नाही, पात्याजवळ हात जाणार असेल तर पिन भिंतीतून बाहेर. मग डोकं खाली दाबून अडकवलं आणि गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं माप, लावला. गुण्याची पाती दात्यांना टेकली तर माप फसतं, कारण दात्याचं कार्बाइडचं टोक पात्याच्या अंगापेक्षा जरा बाहेर आलेलं असतं. दोन दात्यांच्या मधे, पात्याच्या सपाट अंगाला ती टेकवायची आणि मागून उजेड येतो का ते पाहायचं. केसाएवढा उजेड येत होता.

पक्की खात्री करायला काकांची युक्ती. दोन्ही कडा समांतर असलेला रुंद तुकडा घ्यायचा, ९० वर मधोमध कापायचा, त्यातला एक अर्धा उलथा करून दुसरी कड फेन्सला (टेबलावरची पट्टी टेकवायची उभी भिंत) लावायची आणि दोन्ही कापलेली तोंडं भिडवायची. काप सरळ असेल तर तोंडं गच्च मिटतात. नसेल तर चूक दुप्पट होऊन फट दिसते, जी गुण्याला जेमतेम दिसत होती ती आता डोळ्यांना सरळ दिसते. फेन्सचे बोल्ट ढिले केले, गुण्याला लावून पुन्हा आवळले, पुन्हा कापलं, पुन्हा उलथलं. मिटलं. मग ४५ चे दोन तुकडे कापून त्यांचा कोपरा गुण्याच्या आत बसवून पाहिला. काका काही बोलले नाहीत, म्हणजे पास.

पात्याबद्दलही लिहून ठेवते, कारण मशीनसोबत आलेलं पातं हे बहुतेकांचं शेवटचं पातं असतं आणि मग सगळे मशीनला नावं ठेवतात. दाते कमी, २४ ते ४०, तर काप झटपट पण कड फाटते. फ्रेमसारख्या कामाला ६० ते ८० दाते हवेत. दुसरी गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतो: दात्याचा पुढे झुकण्याचा कोन. टेबल सॉचं पातं चांगलंच पुढे झुकलेल्या दात्यांचं असतं. ते या मशीनवर चढवलं तर पट्टीला आत ओढतं. इथे झुकाव अगदी कमी किंवा थोडा उलटा असलेलं पातं घ्यावं. व्यास आणि मधलं भोक मशीनच्या मापाचं, आणि त्यावर छापलेली आरपीएम मर्यादा मशीनच्या वेगाहून जास्त. बोल्ट बहुतेक मशीनवर उलट्या आट्यांचा असतो, नेहमीच्या सवयीने फिरवला तर आणखीच आवळतो.

पट्ट्या सागवानी, वखारीतून आणलेल्या. पावसाळी हवेने त्यातली एक धनुष्यासारखी वाकली होती. अशी पट्टी कापायला लावताना फुगीर अंग फेन्सकडे ठेवायचं, म्हणजे जिथे पातं उतरतं तिथे पट्टी फेन्सला टेकलेली राहते. उलटी लावली तर मधे पोकळी राहते, काप संपता संपता लाकूड मिटतं आणि पात्याला चिमटा बसतो. फेन्स आणि टेबल, दोन्हीला पट्टी चिकटून बसत नसेल तर मी कापतच नाही. पट्टी हातात अधांतरी धरून तर कधीच नाही.

आता हातांचं. टेबलावर पात्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचांवर मी लाल टेप चिकटवला आहे. त्या दोन रेघांच्या आत बोट नाही. तुकडा इतका छोटा असेल की बोट आत न्यावंच लागेल, तर क्लॅम्प. किंवा आधी लांब पट्टीचं टोक तिरपं कापून घ्यायचं आणि मग पट्टी कमी करायची. उजवा हात मुठीवर, डावा पट्टीवर. डावा हात पात्यावरून पलीकडे नेऊन उजवीकडचा तुकडा धरायचा नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. हातांची कैची झाली की पट्टी उसळल्यावर हात कुठे जाईल ते आपल्या ताब्यात राहत नाही.

ओढणी घरात, बांगड्या आणि अंगठी डब्यात, केस वर बांधलेले, कुडत्याच्या बाह्या कोपरावर. हातमोजे घालत नाही. लोकांना ते उलटं वाटतं, पण फिरत्या पात्याला मोज्याचा एक धागा सापडला तर तो हातासकट ओढतो. डोळ्यांना गॉगल, कानांना मफ (आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो), नाकाला मास्क. या दमट हवेत गॉगलवर वाफ धरते आणि दर थोड्या वेळाने पुसावा लागतो. पुसायचा. पुसताना मशीन बंद.

मागे एका साइटवर पात्याचा खालचा गार्ड तारेने वर बांधून ठेवलेला पाहिला होता. का, तर रेघ नीट दिसत नाही म्हणून. रेघ बघायला सोपा उपाय आहे: मशीन बंद असताना पातं खाली आणून दाता रेघेला भिडवून बघायचा, मग वर न्यायचा. पातं स्वतः अडीच-तीन मिमी लाकूड खातं, जवळपास एक सूत. त्यामुळे रेघ आपल्या तुकड्यावर शाबूत ठेवून टाकाऊ बाजूला कापायचं. एवढ्यासाठी गार्डला फाशी कशाला?

कापणं स्वतः काही सेकंदांचं. बटण दाबलं, पात्याने पूर्ण वेग घेईपर्यंत थांबले, आवाज एका पट्टीत स्थिरावला की सावकाश खाली. पातं जोराने दाबलं तर ते किंचित वाकतं आणि काप तिरका जातो. तिथे सकाळची सगळी गुण्याची मेहनत फुकट. रुंद फळी असेल तर डोकं आधी स्वतःकडे ओढून घ्यायचं, मग खाली, मग मागे ढकलत कापायचं. स्वतःकडे ओढत कापलं तर पातं लाकडावर चढून आपल्याच अंगावर येऊ पाहतं.

आणि मग सगळ्यात जास्त लोक जिथे घाई करतात ती जागा. काप पूर्ण झाला, बटण सोडलं, आणि डोकं खालीच धरून ठेवलं. पातं पूर्ण थांबेपर्यंत. ४५ च्या कापातून एक चिमुकला त्रिकोण सुटतो आणि पात्याला टेकून पडून राहतो. फिरतं पातं वर उचललं तर तो त्रिकोण कॅरमच्या सोंगटीसारखा सुटतो, आणि कुठल्या दिशेने ते कुणी सांगू नये. शिवाय वर जाताना दाते ताज्या कापाला ओरखडा काढतात तो वेगळाच. आमच्या मशीनला ब्रेक आहे, तरी आवाज उतरत जाऊन दाते एकेक मोजता येतील इतके सावकाश होतात आणि मग थांबतात. तोवर मी त्या त्रिकोणाकडे बघत उभी असते. काकांचं म्हणणं, हात शिकलेला आहे की नाही ते कापताना कळत नाही, या वेळेत कळतं. मला ते पटतं.

समोरासमोरच्या पट्ट्या एका लांबीच्या व्हाव्यात म्हणून फेन्सला ठोकळा लावला होता. ठोकळा नेहमी हाताने धरलेल्या बाजूला. सुटणाऱ्या तुकड्याच्या बाजूला लावला तर तो तुकडा पातं आणि ठोकळा यांच्यात अडकून उडतो. कोन अचूक पण लांबी एक मिमीने कमी-जास्त असेल तरी चौथा कोपरा मिटत नाही, आणि माणूस उगाच कोनाला दोष देत बसतो.

दीड वाजता आठही काप झाले. चार कोपरे कोरडेच जुळवून दोरीने आवळले. वहिनीला फोटो पाठवला तर तिने विचारलं, काच कधी?

सोमवार

संध्याकाळी थोडाच वेळ मिळाला. कलत्या काठांचा ट्रे करायचा आहे, गणपतीत प्रसादाला. त्याला मायटर आणि बेव्हल दोन्ही लागतात. काठ ४५ अंशांनी बाहेर कलते ठेवले तर मायटर ३५.३ आणि बेव्हल ३०. टेबलावर ३१.६ ची एक खाच आहे, ती अमेरिकन छतांच्या लाकडी कॉर्निससाठी. भिंतीशी ३८ अंशांत बसणारी ती पट्टी आडवी ठेवून कापायची तर ३१.६ मायटर आणि ३३.९ बेव्हल लागतो. आपल्याकडे कॉर्निस पीओपीची, त्यामुळे ही खाच इथल्या बहुतेक मशीनवर नवीकोरीच राहणार.

डोकं कलवण्याआधी फेन्सचा वरचा भाग बाजूला सरकवला, नाहीतर पातं त्यालाच कापतं. प्लग काढून डोकं एकदा वरपासून खालपर्यंत आणि पुढून मागेपर्यंत रिकामं फिरवून पाहिलं. कुठे घासत नाही. मग पाइनच्या रद्दी तुकड्यांवर चार काठ कापले. कोपरे मिटले, फक्त आतल्या बाजूला पुसटशी रेघ दिसते आहे. बेव्हल पाव अंश कमी करून उद्या पुन्हा. सागवान तोवर कोपऱ्यात.

एक्स्टेन्शन बदलायला हवं. मशीन १६५० वॅटचं, म्हणजे सातेक अँपिअर, आणि सध्याची वायर बारीक नि लांब; सुरू करताना पडवीतला दिवा मिचमिचतो. जाड वायरची, सोळा अँपिअरच्या पिनची आखूड करून घेईन.

काचवाला बुधवारी येतो म्हणालाय. ट्रेच्या तळाचं सहा एमएमचं प्लाय मात्र दुकानातूनच कापून आणायचं, साधारण ३०० मिमीपेक्षा रुंद फळी या मशीनमधून पूर्ण जात नाही आणि तळ ३८० चा आहे.