हेर्त्सबेर्ग: एस्पेरांतोच्या गावी जाताना

एस्पेरांतो ही मुद्दाम घडवलेली आंतरराष्ट्रीय भाषा. तिच्या नावाचं बिरुद मिरवणाऱ्या हेर्त्सबेर्गला जाताना पहिली फसगत तिकीट काढतानाच होते. जर्मनीत हेर्त्सबेर्ग नावाची गावं एकाहून जास्त आहेत. ब्रांडेनबुर्गमध्ये एल्स्टर नदीकाठी एक आहे, तिथे उतरलात तर हार्त्स पर्वत पार दुसऱ्या टोकाला राहतो. रेल्वेच्या ॲपवर कंसात ‘हार्त्स’ लिहिलेलं स्टेशन निवडा. हे गाव लोअर सॅक्सनी राज्यात, हार्त्सच्या नैर्ऋत्य पायथ्याशी आहे, वस्ती 13,000 च्या आसपास.

ग्योटिंगेनपर्यंत आयसीई ही वेगवान लांब पल्ल्याची गाडी मिळते. पुढे नॉर्डहाउझेनकडे जाणारी लोकल गाडी. काही गाड्या थेट आहेत, काहींना नॉर्टहाइमला बदलावं लागतं. पहिली गाडी उशिरा आली की तिथली जोडगाडी हमखास चुकते, म्हणून शक्यतो थेट गाडीच धरा. जर्मनी-तिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्यांचा मासिक पास, या गाड्यांत चालतं, आयसीईत नाही. ते घ्यायचं नसेल तर राज्याचं एक दिवसाचं तिकीट पाच जणांपर्यंत मिळून काढता येतं आणि माणशी बरंच स्वस्त पडतं. मात्र सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9 नंतरच लागू होतं. 8.50 च्या गाडीत ते घेऊन बसलात तर विनातिकीट धरतात आणि पर्यटक आहात म्हणून सोडत नाहीत.

गावात दोन स्टेशनं आहेत. मुख्य स्टेशन बाजारपेठेपासून थोडं लांब पडतं. ओस्टेरोडे-झेझेनकडे जाणाऱ्या फाट्यावर किल्ल्याच्या नावाचा छोटा थांबा आहे, ब्राउनश्वाइगकडून येत असाल तर तिथे उतरणं सोयीचं.

आता मुद्द्याचं. जुलै 2006 मध्ये नगर परिषदेने ठराव करून गावाच्या नावापुढे ‘एस्पेरांतोचं शहर’ हे बिरुद लावलं. म्हणून रस्त्यावर कुणीही एस्पेरांतोत उत्तर देईल असं समजून गेलात तर निराश व्हाल. बेकरीत जर्मनच बोलावं लागतं. भाषा दिसते ती जर्मनसोबतच्या द्विभाषी पाट्यांवर. ऐकू येते ती मुख्यतः ‘इंटरकुल्तुरा त्सेंत्रो’ या केंद्रात. तिथे वर्ग, परीक्षा आणि परदेशी गटांची शिबिरं होतात. पोलंडमधल्या गूरा या जुळ्या गावाशी देवाणघेवाणही याच भाषेतून चालते. ना त्यांना जर्मन शिकायची सक्ती, ना यांना पोलिश, ही आम्हाला या सगळ्या खटाटोपातली सर्वांत खरी गोष्ट वाटते.

केंद्र म्हणजे संग्रहालय नव्हे, त्यामुळे न कळवता गेलात तर दार बंद असण्याचीच शक्यता जास्त. दोन-तीन आठवडे आधी ईमेल करा. तारीख, माणसं किती, भाषा कितपत येते आणि नुसतं बघायचंय की वर्गाला बसायचंय, एवढं स्पष्ट लिहा. मोडक्या एस्पेरांतोत लिहिलं तरी चालतं, उलट आवडतं. जायच्या आधी तयारी म्हणून एवढं पुरे: नामाचा शेवट ओ, विशेषणाचा आ, अनेकवचनाला पुढे य, क्रियापदाला वर्तमानात आस, भूतकाळात इस, भविष्यात ओस, आणि आघात नेहमी उपान्त्य अक्षरावर. ‘सालूतोन’ म्हणताना जोर ‘लू’वर द्या. उच्चार लिहिल्याप्रमाणेच असल्याने मराठी जिभेला जड जात नाही. (विनोबांनीही ही भाषा शिकून घेतली होती.)

केंद्रासाठी अर्धा दिवस धरा, उरलेला किल्ल्याला. किल्ला टेकडीवर आहे आणि चढ छोटा असला तरी खडा. 1510 मध्ये आग लागून जुना वाडा जळाला. आता दिसतो तो त्यानंतर उभा राहिलेला लाकडी चौकटींचा प्रचंड चौसोपी वाडा. आतल्या अंगणात उभं राहून वर बघा: तुळयांच्या जाळीत भरलेल्या भिंती आणि घड्याळाचा मनोरा. हॅनोव्हर या जर्मन संस्थानाचा पहिला इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा) एर्न्स्ट आउगुस्ट 1629 मध्ये इथे जन्मला. त्याचाच मुलगा पुढे 1714 मध्ये पहिला जॉर्ज म्हणून ब्रिटनच्या गादीवर बसला. वाड्याच्या एका भागात संग्रहालय आहे, दुसऱ्यात चालू न्यायालय. चुकीच्या दारातून आत शिरू नका. संग्रहालय बघायचं तर सोमवार टाळा.

उतरताना गावातलं यूसझे तळं वाटेत घ्या. खालचा खडक पाण्याने विरघळून जमीन खचली आणि त्या खड्ड्यात हे तळं झालं.

दुसरा दिवस काढता आला तर शार्त्सफेल्डची आइनहोर्नह्योले, म्हणजे एकशिंगी घोड्याची गुहा, चुकवू नका. गुहेतल्या अस्वलांची हाडं पूर्वी लोक एकशिंग्याची म्हणून खणून औषधाला विकत. तत्त्वज्ञ आणि गणिती लाइबनित्स 1685 मध्ये इथे येऊन गेला. गुहेच्या तोंडाशी झालेल्या उत्खननात महाकाय हरणाच्या पायाचं एक हाड सापडलं. त्यावर मुद्दाम कोरलेल्या तिरक्या रेघा आहेत. वय किमान 51,000 वर्षं, म्हणजे काम निअँडरथल या आदिमानवांचं. 2021 मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. आत फक्त मार्गदर्शकासोबत सोडतात, तेही साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. माहिती जर्मनमध्ये असते. भर उन्हाळ्यातही आत चांगलीच थंडी असते. जाकीट आणि खाचांच्या तळव्याचे बूट हवेतच.

शार्त्सफेल्डला आता रेल्वे थांबत नाही. हेर्त्सबेर्गहून बस आणि पुढे चढाची पायवाट. शनिवार-रविवारी बस विरळ असतात, त्यामुळे परतीची वेळ आधी बघा आणि त्यावरून गुहेची फेरी ठरवा. उलट केलंत तर थांब्यावर ताटकळत बसाल. वारा असेल तेव्हा जंगलातल्या आडवाटा नकोत: 2018 नंतरच्या दुष्काळात आणि सालकिड्यांच्या तडाख्यात हार्त्समधले स्प्रूस मोठ्या प्रमाणावर वाळले आणि उभी वाळकी झाडं कधीही कोसळतात. मार्ग बंदची पाटी दिसली तर मागे फिरा.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारींनी तुर्की दुकानात फलाफेल मागावं, इतरत्र ‘ओने फ्लाइश’ म्हणजे मांसाशिवाय असं सांगावं आणि सूप मांसाच्या पाण्यातलं नाही ना, हे वेगळं विचारावं. रविवारी किराणा दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारीच पाव-फळं घेऊन ठेवा. छोट्या खानावळीत कार्ड चालेलच असं नाही, खिशात 40-50 युरो सुटे असू द्या.