निर्भेळ म्हंजी काय, लेकरा?

लातूर जिल्ह्यातल्या एका गावात मी सेवा केंद्र चालवतो. सप्टेंबर लागला की दारात ई-पीक पाहणीची गर्दी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही पद्धत आली. तलाठी लिहायचे ते पीक आता शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून, फोटोसकट मोबाइलवरून नोंदवायचं.

शेजारच्या गल्लीतल्या मावशी आठवड्यात तिसऱ्यांदा आल्या. मुलगा पुण्याला, चार एकर त्याच बघतात. म्हणाल्या, "तू सांगतोस तवा समदं कळतंय रं. शेतात गेलं की बोटच चालत न्हाई."

आधी दोनदा मी काय केलं होतं ते आठवलं. "लोकेशन ऑन करा, माहिती भरा, सबमिट करा," म्हणत फोन त्यांच्या हातातून घेतला होता आणि भराभर करून दाखवलं होतं. दुपारी शटर ओढलं आणि त्यांना गाडीवर घेऊन शेतात गेलो. आज फोनला हात लावायचा नाही, असं ठरवूनच.

उन्हात स्क्रीन दिसेना. मावशींनी पदराची सावली धरली. खुरपून खुरपून बोटांची कातडी पार राठ झालेली. एक तर दाब लागायचा नाही, नाही तर त्या इतका वेळ दाबून धरायच्या की भलतंच उघडायचं. मी म्हटलं, "मावशी, तवा तापलाय का बघताना बोट कसं टेकवता? तसंच. टेकवलं की उचला." तिथून बोट चाललं.

मग पिकाचा प्रकार आला. चौथी शिकलेल्या मावशींनी एकेक अक्षर लावून वाचलं. "निर्भेळ म्हंजी काय, लेकरा?"

"एकच पीक. भेसळ नसलेलं."

"मग माझं कसं निर्भेळ? तूर हाय की."

खरंच होती. सहा तासं, म्हणजे ओळी, सोयाबीन, दोन तासं तूर. आमच्याकडं निम्म्या शिवारात अशीच पेरणी असते आणि मी मात्र घाईघाईत सगळ्यांना 'निर्भेळ दाबा, सोयाबीन निवडा' सांगत आलो होतो. सातबाऱ्यावर तूर चढली नाही तर पुढं हमीभाव केंद्रावर ती घालायची कशी? अडाणी माणसाला इंग्रजी अडवतं असं मी धरून चाललो होतो. इथं तर अस्सल मराठी शब्द अडवत होता, आणि तो मीच कधी फोडून सांगितला नव्हता.

क्षेत्र हेक्टर-आरमध्ये मागतात; शंभर आरांचा एक हेक्टर. मी एवढंच म्हटलं, "एक आर म्हणजे जवळपास एक गुंठाच." मावशींनी बोटांच्या पेरांवर हिशोब केला. या गटाच्या, म्हणजे जमिनीच्या तुकड्याच्या, दोन एकराचे ऐंशी गुंठे, आठ तासांत दोन तुरीची, म्हणजे तूर वीस, सोयाबीन साठ. मला कॅल्क्युलेटर काढावा लागला असता. शून्य, टिंब, साठ. शून्य, टिंब, वीस. फोटो घेतला, नोंद गेली.

दुसऱ्या गटात गेल्यावर म्हणाल्या, "तू बांधावरच थांब." थांबलो. वीस मिनिटं लागली.

नोंद केल्यापासून ४८ तासांत दुरुस्ती करता येते. त्या रात्री मी वही काढली आणि दोन दिवसांत माझ्याकडून समजून घेऊन गेलेल्या चौघांना फोन लावले. एकच विचारलं, "सोयाबीनमध्ये तुरीची तासं हायत का?"

तिघांकडं होती.