पाणकणसांतील जाळी: नांदूर मध्यमेश्वर, ऑक्टोबरची नोंद

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळात पाणकणीस दाट माजते. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेले राज्यातील हे पहिले पाणथळ क्षेत्र बहुतेक जण पक्ष्यांसाठी पाहतात. मी मात्र पावसाळा सरला की काठाने वाकून कोळी शोधत फिरतो.

या महिन्यात मी टेट्राग्नाथा या लांब जबड्यांच्या कोळ्यांवर लक्ष ठेवले. त्यांचे जाळे पाण्यालगत तिरपे किंवा जवळजवळ आडवे असते आणि मध्यभागी धागे काढून टाकलेली मोकळी जागा असते. पाण्यातून वर येणारी चिलटे त्यात खालून अडकतात. गेल्या वर्षी मी उभ्यानेच छायाचित्रे घेतल्यामुळे जाळ्याची एक कड स्पष्ट आणि उरलेले सगळे धूसर येत असे. या वेळी गुडघाभर चिखलात बसून, कॅमेऱ्याचा सेन्सर जाळ्याच्या पातळीला समांतर येईपर्यंत कॅमेरा कलवला आणि १०० मिमी मॅक्रो लेन्स एफ/११ या लहान छिद्रावर ठेवली, तेव्हा कुठे मध्यातून निघणारे सर्व आरे आणि त्यांवरचे गोल फेरे एकाच वेळी स्पष्ट आले. उगवतीचा प्रकाश समोरून घेतला, तर धागे गडद पाण्यावर उठून दिसतात. दव हवे म्हणून जाळ्यावर पाणी फवारणे मला अजिबात मान्य नाही, कारण फवाऱ्याने चिकट धाग्यांची बिघडलेली पकड त्या जिवाला उपाशी ठेवू शकते.

ऊन चढल्यावर एक मादी जाळे सोडून पाणकणसाच्या पात्यावर गेली. पायांच्या पहिल्या दोन जोड्या सरळ पुढे, चौथी मागे आणि आखूड तिसऱ्या जोडीने पाते घट्ट धरलेले, अशी ती इतकी चपटून बसली, की नजर क्षणभर हलवली आणि ती मला पुन्हा सापडेना. अखेर पात्याच्या कडेपलीकडे जराशा डोकावणाऱ्या जबड्यांमुळे ती ओळखू आली.

काठावरच्या गवतात अर्जिओपी, म्हणजे सिग्नेचर स्पायडर, नेहमीप्रमाणे डोके खाली आणि पाय जोडीजोडीने फुलीसारखे ठेवून बसलेले होते. माझी चाहूल लागताच एका मादीने जाळे जोरात हलवायला सुरुवात केली, म्हणून मी मागे सरलो.

टेट्राग्नाथाची प्रजाती मी नोंदीत लिहिलेली नाही. त्यासाठी जबड्यांवरील दातांची रचना जवळून दिसायला हवी, आणि माझ्या छायाचित्रांत ती अजून नीट आलेली नाही. मीलनाच्या वेळी नर आपल्या जबड्यांनी मादीचे जबडे अडकवून धरतो. नोव्हेंबरच्या फेरीत ते दृश्य बाजूने टिपता आले, तर दातांचाही प्रश्न सुटेल.