तुम्ही विचारलंत म्हणून : बेटाची कुठली बाजू?

"बेटावर सुट्टीला जायचं ठरलंय, राहायला कुठलं हॉटेल घेऊ?" हा प्रश्न मला सारखा येतो, सोबत तीन-चार हॉटेलांचे फोटो. फोटो मी नंतर बघते. आधी विचारते, जाताय कुठल्या महिन्यात आणि हॉटेल बेटाच्या कुठल्या बाजूला आहे?

हे विचारायला मी मॉरिशसमध्ये शिकले. जुलैत गेलो होतो. पूर्व किनाऱ्यावर समुद्राला लागून खोली, अगदी फोटोत होती तशीच. पण जुलै म्हणजे तिथला हिवाळा, आणि आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे तेव्हा ऐन जोरात असतात. आईला पाण्यात पाय सोडून बसायचं होतं. चार दिवस ती शाल गुंडाळून खोलीतूनच समुद्र बघत राहिली. पाचव्या दिवशी पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकला गेलो, तर तिथं पाणी निवांत, ऊन स्वच्छ. बेटाची रुंदी जेमतेम 45 किलोमीटर! आई कमरेइतक्या पाण्यात तासभर उभी होती. तिचे चार दिवस वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

बेटाच्या मधोमध डोंगर असला की हे होतंच. वारा ज्या बाजूने येतो तिथं ढग अडतात आणि बरसतात, पलीकडची बाजू पर्जन्यछायेत कोरडी राहते. हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटावर पूर्वेच्या हिलो गावात वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून गाडीने दोन तासांच्या आत पश्चिमेचा वायकोलोआ किनारा येतो, तिथं 300 मिलिमीटरही होत नाही. हिरवंगार रान आणि धबधबे हवे असतील तर ओली बाजूच घ्या, मला ती आवडते. पण पोहायचं असेल तर आडोशाची.

महिना बदलला की बाजूही बदलू शकते. श्रीलंकेत नैऋत्य मोसमी पावसाच्या दिवसांत, साधारण मे ते सप्टेंबर, बेंटोटा-मिरिसाचा समुद्र खवळलेला असतो. तेव्हा पूर्वेला त्रिंकोमाली गाठावं. डिसेंबर ते मार्च याच्या नेमकं उलट.

यानंतर पाण्याचा तळ, आणि याकडे फारसं कुणी बघत नाही. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर, पाजे-जांबियानीला, तळ लांबवर उथळ असल्याने ओहोटीत पाणी इतकं आत जातं की पोहायला तास मोजून उतरावं लागतं. उत्तर टोकाच्या नुंगवीला हा त्रास बराच कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती मोठी तशी ओहोटीही मोठी. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. तारखा ठरवताना पंचांग जरूर उघडा.

उपग्रहाच्या नकाशात किनारा जवळून बघा. किनाऱ्यापासून लांब लाटांची पांढरी रेघ आणि तिच्या आत फिकट निळं पाणी दिसलं, तर तिथं प्रवाळाची भिंत आहे आणि आतलं पाणी बहुधा शांत. ती रेघ थेट वाळूला किंवा कड्याला भिडत असेल, तर मोठ्या लाटा अंगावर येणार. मॉरिशसच्या दक्षिण टोकाला ग्रि-ग्रि इथं असंच आहे. बघायला अप्रतिम, पण पाण्यात उतरू नये. भिंतीला जिथं खिंड असते तिथं मात्र ओढ जबरदस्त, मुलांना तिकडे अजिबात सोडू नका.

एवढं जुळलं की खोली साधी असली तरी मला चालते, फक्त किनारा पायी गाठता यावा. आठवड्यात एकदाच मुक्काम हलवा, त्याहून जास्त नको. डोंगराळ बेटावर नकाशातले 30 किलोमीटर वळणावळणाने अर्धा दिवस खातात. परतीची बोट किंवा विमान सकाळचं असेल, तर शेवटची रात्र धक्क्याजवळ, विमानतळाजवळ काढा.

आता मला महिना कळवा, आणि बरोबर कोण-कोण आहे तेही. तुम्ही पाठवलेल्या चार हॉटेलांपैकी दोन कुठल्या बाजूला आहेत, ते मी आजच नकाशात बघून ठेवलंय.